बिनतारी घंटेचा लेख

१२ ऑक्टोबर १९९७
अंबरनाथ पूर्व

काका, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली. मी रोज वही लिहितो, पण एवढ्या पानांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. चुकलंच माझं. आज कॉलेजच्या स्मरणिकेची प्रुफं आली. बिनतारी संदेशाच्या प्रयोगावरचा माझा जुना लेख त्यात पुन्हा छापताहेत. खाली फक्त माझं नाव. सकाळपासून मी ते नाव बघतोय.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात तुम्ही लॅब अटेंडंट, मी नवा लेक्चरर. रेडिओच्या अगदी सुरुवातीला संदेश कसा पकडत, हे मुलांना दाखवायचं मी ठरवलं होतं. काचेच्या नळीत धातूचा कीस भरायचा. दूर ठिणगी पडली की तिच्या लहरींनी कीस आपसांत चिकटतो, वीज वाहते, घंटा वाजते. नळीला टिचकी मारली की कीस सुटतो, पुढच्या ठिणगीला तयार. मी लोखंडाचा कीस भरला. पंधरा दिवस घंटा ढिम्म. तुम्ही म्हणालात, "सर, पुस्तक ठेवा बाजूला. रविवारी घरी या." तुमच्या स्वयंपाकघरात काकू भाकऱ्या थापताहेत आणि तुम्ही निकेलचं जुनं नाणं कानशीने घासताय. त्यात काकूंच्या तुटक्या पैंजणाची चिमूटभर चांदी. कीस फडक्यातून चाळलात, दमटपणा जावा म्हणून तव्यावर गरम केलात. काकू म्हणाल्या, "तवा घासून द्या मग. मला नको तुमच्या रेडिओची भाकरी."

प्रयोगाच्या दिवशी प्राचार्य पहिल्या रांगेत. मी ठिणगी पाडायच्या बटणाला हात लावण्याआधीच घंटा वाजली. टिचकी मारून थांबवली, पुन्हा वाजली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, भुताचा फोन!" सगळा वर्ग हसतोय, मी तारा चाचपतोय. तुम्ही मात्र खिडकीकडे बघितलंत आणि बाहेर धावलात. भिंतीपलीकडच्या सिंधी शेठच्या वर्कशॉपात वेल्डिंग चालू होतं. खिडकीतून तुमचा आवाज ऐकू आला.

"साई, दस मिनिट बंद रखो ना. आपका स्पार्क हमारी घंटी बजाता है."

"अरे दादा, मेरा ऑर्डर कौन देगा?"

"दस मिनिट, साई. चाय मेरी तरफ से."

वेल्डिंग थांबलं. मी बटण दाबलं, घंटा वाजली. तुम्ही पेन्सिलीने टिचकी मारलीत, मी पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. टाळ्यांच्या भरात मी मुलांना सांगितलं, की बिनतारी संदेशाचं पेटंट इटलीच्या तरुणाला मिळालं, पण तो जगापुढे येण्याआधी कलकत्त्याच्या एका प्राध्यापकाने अशाच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. त्याचं नाव गाळतात, हा अन्याय आहे, असं चांगलं आवाज चढवून म्हणालो. तुम्ही दारात उभे राहून ऐकत होतात.

लेख छापून आल्यावर अंक मीच तुमच्या हातात दिला. तुम्ही उभ्याउभ्याच वाचलात. नाणं, चांदी, तवा, वेल्डिंग, सगळं होतं त्यात. फक्त "मी चाळला", "माझ्या लक्षात आलं", असं. अंक परत देताना म्हणालात, "छान लिहिलंय, सर. त्या बंगाली प्रोफेसरांचं नाव आठवणीने घातलंत." त्यात टोमणा होता का, हे मी अजून स्वतःला विचारतो. नसेल तर ते जास्तच वाईट.

लेख लेक्चररच्या नावानेच छापतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते खरं नव्हतं. संपादकांनी साहाय्य कोणाचं म्हणून विचारलं होतं आणि मी ती जागा कोरी सोडली. तुमचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. चार पावलांवर तुम्ही नळ्या धूत होतात, पण इतक्या दिवसांनी नाव विचारायची लाज वाटली. काका, ते मला आजही माहीत नाही. कॉलेजच्या जुन्या हजेरीपुस्तकात सापडेल. पण तिथून उतरवून प्रुफात घातलं तर कोणाला काही सांगावं लागणार नाही, आणि म्हणूनच सकाळपासून मला ते हजेरीपुस्तक आठवतंय.

हे पत्र वहीतच राहणार.

उद्या : बदलापूरला तुमच्या मुलीकडे जाऊन तुमचं पूर्ण नाव विचारणे, आणि ते कशासाठी हवंय ते सांगणे.