भोंग्याची कॅसेट

चि. मानसिंग यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद, तोबी निम्माच. उरलेला निम्मा तुझं उत्तर आल्यावर, कारण तुझ्या त्या नव्या कॅसेटनं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई. मिरजेत जेवणाचं काय करतोस, अंगात बनियन घालतोस का न्हाई, ते मागनं इचारते. आधी हे वाच, आणि तुझ्या बँडातल्या त्या दाढीवाल्यालाबी वाचून दाखव.

तुझी पयली कॅसेट लय गोड हुती असं न्हाई. (रॉक म्हणं. पत्र्यावर गारा पडल्यागत वाजत हुतं, आणि दोन जागी तुझा घसा बसलाय ते बहिऱ्यालाबी कळंल.) पण त्यात आईची चूल हुती, मी तुला लाटण्यानं हाणल्यालं हुतं, आणि ते एसटी स्टँडावरचं गाणं हुतं. तू मिलिटरीची भरती सोडून गिटार घेऊन निघालास, आबा पाठ करून उभं ऱ्हायलं, आणि गाडी हलल्यावर त्यांनी टोपी काढली, ती तू मागच्या काचेतनं बघितलीस. भैरोबाच्या देवळात कर्ण्यावर ते गाणं लागलं तवा बाया पदर डोळ्याला लावत हुत्या. आबा हवालदार माणूस, रडायचं न्हाईत. एवढंच म्हणाले, "बघितलं व्हय त्यानं." दुसऱ्या दिशी आपणहून मला म्हणतात, मिरजेच्या डॉक्टरला इचार, मोतीबिंदू काढून डोळं करून घीऊ, पोरगं दिसंल तरी. मी दोन वर्सं मागं लागले हुते, ते तुझ्या एका गाण्यानं झालं.

म्हणून दुसरी कॅसेट आली तशी मी न ऐकताच देवळात नेली. आपल्याकडं नवी वस्तू आधी देवाला, तुला ठावं हाय. नारळ फोडला, जोतीरामनं मशीन लावलं, आबा पांढरी टोपी घालून कर्ण्याखाली बसलं. पयल्यांदा नुसतं घुंईईई. जोतीरामला वाटलं वायर गेली. त्यानं मशीनला दोन थापडा दिल्या, मग लिंबावर चढून कर्णा उतरवला, फुंकला, परत बांधला. घुंई चालूच. (तू पत्रात लिवलंस तो तंबोरा उलटा वाजवलाय. सुलटा काय वाईट हुता?) आणि मग भोंगा झाला. साखर कारखान्याचा, पाळीचा, अगदी हुबेहूब.

पाळीची माणसं उठली की रं. कुणी पानावरनं उठला, कुणी झोपेतनं. नाथाजी तर अंगाला साबण तसाच ठेवून सायकलीवर बसला. सगळी कारखान्याच्या गेटापतूर गेली, तिथं वॉचमन म्हणतो भोंग्याला अजून टाईम हाय. परत आली ती माझ्या दारात. साळूबाई म्हणती कशी, "विजयमाला, तुझा भाऊ कारखान्याला लागला व्हय? मग गातोय कशाला?"

तू लिवलंस ह्यो प्रयोग हाय, आपल्या भागाचा आवाज लोकांना ऐकवायचा. आरं, तो आवाज आमी रोज ऐकतोय, आणि तो बंद झाला की बरं वाटतंय. भोंगा कुणीबी वाजवतो. आबांची टोपी तू एकट्यानं बघितली हुतीस. माझं शिक्षाण दुसरीपतूर, पण एवढं मला कळतंय, आणि तुमा पाच जणांस्नी न्हाई.

माणसं गेली तरी आबा शेवटपतूर बसून हुते. ह्या खेपंला पोरगं काय म्हणतंय, ते त्यांना ऐकायचं हुतं. काईच म्हणाला न्हाईस. घरी येताना म्हणाले, "डॉक्टरला न्हाई म्हणून कळव. कुणाला बघायला डोळं करायचं?" तारीख बेस्तरवारची हाय. मी भांडले, भाकरी थापली न्हाई, एक दीस अबोला धरला. माणूस ढिम्म. मला काई सुचंना झालंय. तू ये आणि आबांस्नी हाताला धरून ने. गिटार आणलीस तर आण, भोंगा आणू नगंस.

तुझी अक्का,
विजयमाला

ता. क. भरल्या वांग्याचं कालवण करीन. प्रयोग न्हाई, आई करायची तसलंच.

आणखी ता. क. पत्र बंद करत हुते, पण हे लिवल्याशिवाय भागंना. काल कॅसेट चुलीत घालाय निघाले तर आबा म्हणाले, थांब, दुसरी बाजू शेवटाला लाव. तिथं समदं सरल्यावर, बटण बंद व्हायच्या आधी, कुणीतरी खोकतंय. आबा म्हणाले, "मानसिंगच हाय." आता सकाळधरनं तेवढंच मागं घ्यायचं आणि ऐकायचं चाललंय. सगळ्या कॅसेटीत तेवढंच काय ते तुझं. ते इचारत्यात, खोकला कवापास्नं हाय, आणि छातीत दुखतंय का. सोमवारपतूर उत्तर पायजे. कागदावर नगं, दारात.