मिलिंदने जमवलेली वाईन

वसमत, मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६

मिलिंद जाऊन वीस दिवस झाले. नाशिकच्या वायनरीत दोन द्राक्षांच्या वाईन मिसळून त्याने स्वतः जमवलेली ही वाईन उन्हाळ्यात माझ्यासाठी आणली होती. मर्लो जास्त, शिराझ थोडी. "दादा, एक घोट घे अन् कशी झाली तेवढं सांग." मी त्याला दारू न पिण्याचं पाचवं शील ऐकवलं, तेही पाहुण्यांसमोर. धाकट्या भावाला असं काहून बोललो?

आज संध्याकाळी त्याच्या बायकोने, सुनिताने, तीच बाटली समोर ठेवली. मी स्टीलच्या पेल्यात ओतली आणि एका दमात प्यायलो.

"भाऊजी, काढा हाय का तो? आधी हुंगा. मग तोंडात फिरवा." ती रडता रडता हसली.

दुसरा घोट हळू घेतला. पिकल्या जांभळाचा वास, मऊ चव, मागून कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा. तो बराच वेळ जिभेवर राहिला. चांगली होती. खरंच चांगली.

शील मोडलं, ते विहारात भन्तेजींना सांगेन. त्याचं एवढं नाही.

"कशी लागली?" सुनिताने विचारलं.

तुरटपणा अजून होताच. मिलिंदला सांगायचं होतं, ते तिला कसं सांगू?