तुझ्या हातांना रेंज नव्हती

आई, तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे लिहून काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्याशी बोलायचं तर समोर बसावं लागायचं, आणि तेही उजेडात. तुला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, शाळा तू पाहिली नाहीस, आणि शहरात शिकवतात ती खुणांची भाषाही तुझ्यापर्यंत कधी आली नाही. तुझी भाषा आपल्या घरातच तयार झाली. मिशीला पीळ दिला की बाबा. हनुवटीवर बोट ठेवलं की मी, तिथल्या तिळामुळे. एकदाच तू स्वारगेटला उतरलीस, धुरानं खोकून बेजार झालीस, आणि तेव्हापासून नाकाला पदर लावला की पुणे. बाबा गेल्यावर ती भाषा पुरती येणाऱ्या आपण दोघीच उरलो. शेजारच्या काकूला कामापुरती यायची.

एक दिवस फार आठवतो. मी नववीत असेन. तू भाकरी थापते आहेस आणि मी कशावरून तरी रुसून डोळे गच्च मिटून बसले आहे, तुझं ऐकायचं नाही म्हणून. पिठाच्या हातानं तू माझी हनुवटी धरलीस. वाटलं, आता एक बसणार. पण मी डोळे उघडेपर्यंत तू नुसती धरून राहिलीस. तव्यावरची भाकरी करपून गेली. मग तू एवढंच सांगितलंस, रागव, भांड, पण माझ्याकडे बघ.

पुढे मी सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये नोकरीला लागले, लग्न होऊन बिबवेवाडीत आले, आणि पहिल्या दिवाळीला तुला टचफोन आणला. ऐकू न येणाऱ्या बाईला फोन कशाला, म्हणून गाव हसलं. खुणा दिसाव्यात म्हणून व्हिडिओ कॉल लावला, तर घरात चित्र येईचना. काकूच्या जुन्या फोनवरून बोलणं छान व्हायचं, गावात सगळ्यांचंच व्हायचं. चित्राची गरज होती ती फक्त आपल्याला. मग कुणीतरी सांगितलं, वर पाण्याच्या टाकीपाशी नेट येतं. तेव्हापासून भर दुपारी तू तो चढ चढायचीस आणि मी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या गच्चीवर जायचे. टाकीच्या पाइपाला फोन टेकवून ठेवायचीस, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून.

तरी चित्र थांबायचंच. तुझा हात हवेत अडकायचा आणि तुला ते कळायचंही नाही. पुन्हा दिसायला लागायचीस तेव्हा गोष्ट संपवून हसत असायचीस. मधलं सगळं गेलेलं असायचं. मीही हसायचे. एवढ्या उन्हात चढून आलेल्या बाईला पुन्हा सांग कसं म्हणणार?

मी मोबाइल कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "गावात फोन लागतो ना? मग बोला की."

"आईला ऐकू येत नाही."

"मेसेज करा."

"वाचता येत नाही."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. "मॅडम, तुमची तक्रार खरी असेल. पण आमच्या हिशोबी तुमच्या गावात रेंज आहे." दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो मला ओळखत होता, आणि उत्तर तेच होतं. ग्रामपंचायतीत मोठा गाजावाजा करून इंटरनेटची केबल आली होती. रस्ता रुंद करताना ती तुटली आणि तशीच राहिली. सरपंच म्हणाले, "जोडणी झालेली हाय ताई. फकस्त नेट येत न्हाई."

त्या शेवटच्या दुपारी तू फार आनंदात होतीस. काहीतरी लांबलचक सांगत होतीस, भुवया उंच, हात इतके भरभर की मला वाचता येईनात. मग दोन्ही तळवे उघडे, आणि चित्र थांबलं. नंतर पडदा काळा. मी काकूला फोन लावला. काय सांगत होती आई?

"मला न्हाई बाई कळलं. सकाळधरनं खुशीत हाय. सांगंल की तुलाच."

दुसऱ्या दिवशी टाकीच्या चढावर तू पडलीस. लकवा. तुला पुण्याला आणलं तेव्हा उजवा हात गेलेला होता आणि डाव्याला सलाईन होतं. मी सिस्टरना म्हटलं, "सुई दुसरीकडे लावता येईल का? तो हात तिला बोलायला लागतो." त्यांनी सुई काढून पायाला लावली. आपण इतक्या जवळ होतो, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. तू डावा हात कसाबसा हनुवटीपर्यंत नेलास. म्हणजे मी. पुढचं हातातून आलं नाही. मी पापणी न हलवता बघत बसले, तो दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. त्या दुपारी काय सांगायचं होतं, ते मी गावात सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही.

आता डोंगरावर टॉवर झाला आहे, आई. फार वर्षं लागली, पण झाला. काकू हल्ली चुलीपाशी बसून व्हिडिओ कॉल करते. रस्सा किती तिखट झालाय तेसुद्धा दाखवते. मला तिचा राग येतो आणि मग रागाची लाज वाटते. परवा अंघोळ करताना माझ्या लक्षात आलं, 'उद्या' म्हणायला तू काय करायचीस ते मला आठवत नाही. घरभर हात हलवून पाहिले. मुलगी म्हणाली, "मम्मा, काय शोधतेयस?" तुझा एकही व्हिडिओ माझ्याकडे नाही; त्या वेळी तिकडून तो यायचाच नाही, आणि तू समोर असताना काढायचं मला सुचलं नाही.

शेवटी काकूलाच व्हिडिओ कॉल लावून विचारलं. तिनं पदराला हात पुसले, थोडा विचार केला आणि खांद्यावरून बोटं पुढे टाकली. "आसंच करायची की न्हाई गं?"

तिची एकेक बांगडी दिसत होती. ती खूण तुझी होती की काकूनं तेव्हाच जुळवलेली, मला सांगता येईना.

मी म्हटलं, हो काकू, असंच.