ओतोरी कुदासाई

५ जानेवारी २०१४, सेंदाई
ठरलं. पोस्टडॉक पुरे, यापुढे फोटोग्राफी. लॅबचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय, रिन्यू करायचं नाही. उल्का म्हणाली, तोवर एक तरी फोटो विकून दाखव, नाहीतर मुकाट्याने सही कर. मान्य केलं. एक म्हणजे अगदीच किरकोळ. बायकोला अजून माझी कुवत कळलेली नाही.

१२ जानेवारी
वेबसाइट तयार. बर्फातली झाडं, बर्फातल्या सायकली, बर्फातला बसस्टॉप. उल्काचं पालुपद: नेटवरचे फोटो लोक फुकट उचलतात, विकत कोण घेतं? उचलतात ते सामान्य फोटो.

१३ जानेवारी
स्टेशनवर झकास फोटो-पोस्टकार्डांची चळत. वर पाटी: ‘गोजियू नी ओतोरी कुदासाई’. जियू म्हणजे स्वातंत्र्य, तोरु म्हणजे फोटो काढणे. थोडक्यात, फ्रीलान्स फोटोग्राफर! किती अदबीनं लिहितात. ‘तोरु’ची कांजी, म्हणजे चित्राक्षर, जरा वेगळी होती, पण यांना एका शब्दाला चार कांजी लागतातच. राधिकाला विचारणार होतो, पण इथल्या जपानी शाळेत तिसरीत असलेल्या लेकीकडून बापाने भाषा शिकायची? छे. पाटी जशीच्या तशी प्रत्येक फोटोखाली टाकली. एक कार्ड हळूच खिशात घातलं. कोणी बघितलं नाही.

२० जानेवारी
डाउनलोडच डाउनलोड! विक्री नाही, पण होईल. भाजीसुद्धा माणूस आधी हातात घेऊन बघतो.

२९ जानेवारी
चोर! टोकियोतल्या फुनाबोरीच्या मराठी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर माझा बसस्टॉप. बोर्डावर चक्क ‘तिळगूळ घ्या’.

३० जानेवारी
मंडळाच्या कल्पनाताईंना फोन करून चांगलं खडसावलं. त्या अकरा वर्षं टोकियोत आहेत. शांतपणे म्हणाल्या, “अहो मोरेश्वर, तुम्हीच खाली लिहिलंय ना, हवं तर खुशाल घेऊन जा म्हणून?”
तोरु म्हणजे घेणे असंही असतं म्हणे. राधिकाला विचारलं, तर ती हसत हसत जमिनीवर लोळली. दोष भाषेचा आहे.

१६ फेब्रुवारी
पाटी गेली. आता प्रत्येक फोटोवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत माझं नाव. बसस्टॉप दिसत नाही, मोरेश्वर स्पष्ट दिसतो. चोरी बंद. साइटवर येणारेही बंद. फालतू गिऱ्हाइकं गळली, बरं झालं.

११ मार्च
भूकंपाला तीन वर्षं. लॅबमध्ये सगळे मान खाली घालून उभे राहिलो. आज विक्रीचा विचार करायचा नाही, असं ठरवलं. साइट एकदाच बघितली.

२४ मार्च
आली! मेल आली! ओनोदेरा-सान नावाच्या फोटोग्राफरची, लांबलचक जपानीत. अर्धी कळेना, म्हणून राधिकाकडे दिली. तिचं मराठी अडखळतं, पण अर्थ स्वच्छ सांगितला: “बाबा, ते म्हणतायत, फुजीचा फोटो काढा. लवकर काढा, प्लीज.”
ऑर्डर! तीही फुजीची! थेट प्रोफेसरांकडे गेलो आणि कॉन्ट्रॅक्ट नको म्हणून सांगून टाकलं. उल्का घरखर्चाची वही घेऊन बेरजा करत बसली. आनंदाने असेल.

२५ मार्च
उत्तर पाठवलं: जरूर काढतो, पण हवा स्वच्छ हवी, एप्रिलपर्यंत थांबा.

२७ मार्च
ओनोदेरा-सान विचारतायत, एप्रिलपर्यंत कशाला? या वेळी उल्काने राधिकाकडून एकेक वाक्य वाचून घेतलं. माझ्या साइटच्या पहिल्या पानावरचा फुजी त्यांचा आहे. पान भकास दिसत होतं, म्हणून मी नेटवरून घेतला होता. नेटवर तर पडलेला होता. पण त्यांनी लिहिलंय, त्या फोटोसाठी सहा हिवाळे डोंगरात घालवले आणि घर यावरच चालतं. फार लाज वाटली.
राधिका म्हणाली, “काढा म्हणजे डिलीट, बाबा. मी बरोबरच बोलले होते.”
बरोबरच बोलली होती. फोटो काढला.

३१ मार्च
प्रोफेसरांना विचारलं, माझा नकार मागे घेता येईल का. ते बराच वेळ दातांतून हवा ओढत बसले, म्हणजे इथल्या रीतीने नकार. जागा दुसऱ्याला दिलीय. सहा महिन्यांचं पार्टटाइम आहे: गंजलेल्या नमुन्यांचे मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे. सही केली.
घरी येऊन उल्काला सांगितलं, फोटोग्राफीत काम मिळालं. तिने एवढंच विचारलं, फोटोंवर नाव कुणाचं?
लॅबचं.