मेंढरं उठत न्हाईत

मन्नाएखेळ्ळी,
६ नोव्हेंबर २००९

चि. रूपीस अज्जाचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आजीचा गुडघा सकाळी धरतो, उन्हात बसली की सुटतो. तूर फुलावर आली आहे आणि आभाळ रोज भरून येतंय, त्यामुळे जिवाला घोर आहे. बेंगळुरात तू खोलीवर किती वाजता पोचतेस ते कळव. रिकाम्या पोटी वाजवायला बसू नकोस. फोनवर मला काही सुचत नाही, म्हणून पत्र लिहितो. चौथीपर्यंतच शिकलोय, अक्षर लावून घे.

तुमच्या बँडची सीडी मिळाली. आपल्या घरी यंत्र नाही, म्हणून धोंडप्पाच्या हॉटेलात नेली. त्यानं ट्रकवाल्यांसाठी गाण्याचे मोठे डबे बसवलेत. पहिल्यांदा गिटार ओरडली तेव्हा धोंडप्पा म्हणाला, "लिंबाजी, गाणं हाय का कुणाचा गिअर अडकलाय?" दोन ड्रायव्हर हसले. मग तुझे ड्रम सुरू झाले आणि हसणं बंद झालं. एक ड्रायव्हर तेलंगी होता. त्याला ना मराठी कळत होती ना कानडी, पण तोही टेबलावर बोटं वाजवायला लागला. शेवटी तुम्ही सगळे मिळून "मेंढरं उठत न्हाईत, साहेब, मेंढरं उठत न्हाईत" म्हणता, तिथं धोंडप्पाचा चहा उतू गेला.

अज्जाला गाण्यातलं काय कळतं असं म्हणू नकोस. पन्नास वर्षं बिरोबापुढं ढोल वाजवलाय, त्या हक्कानं सांगतो. गाण्यात राग भरपूर आहे, पण तो पहिल्या घडीपासूनच आहे. आम्ही रस्त्यावर बसलो तेव्हा पहिले दोन तास कुणीच रागावलेलं नव्हतं. शेंगा खात होतो, एकमेकांची टिंगल करत होतो. राग मागून आला. म्हणून आधी नुसता तुझा ठोका असू दे. मग ती जाड तारांची गिटार येऊ दे, जी पोटात वाजते. तुमच्यातल्या योगीराजची किंचाळणारी गिटार अगदी शेवटी.

दुसरं असं की, मोठ्या घावानंतर एक घाव बसेल एवढी जागा मी तुला रिकामी सोडायला शिकवली होती. तिथं योगीराज काहीतरी वाजवून ती भरून टाकतोय. आळंदचा पोरगा आहे, चांगला आहे, पण त्याला सांग, ती जागा भरायची नाही. कामून ते विचारू नकोस.

सीडीच्या कागदावर तू छापलंस ते धोंडप्पानं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "१९९८ साली गायरान कंपनीला जाऊ नये म्हणून माझे अज्जा लिंबाजी मेंढरं घेऊन हैदराबाद रस्त्यावर बसले. लाठ्या आल्या तरी उठले नाहीत. या गाण्याचा ठोका त्यांचा आहे." आता, गायरान वाचलं हे खरं आहे. कंपनी परत गेली, अजून तिथं आपली मेंढरं चरतात. साहेबाला "मेंढरं उठत न्हाईत" हे मीच म्हणालो, हेही खरं आहे. बाकीचं जरा तपासायला पाहिजे. मी जवळच होतो.

५ डिसेंबरला गुलबर्ग्याला यायचं आणि ढोल घेऊन तुमच्याबरोबर स्टेजवर उभं राहायचं, असं तू म्हणतेस. येईन बहुतेक. तिथं विजेच्या तारा पायात येतात का? धोतर चालतं का? कळव.

तुझा अज्जा

—

मन्नाएखेळ्ळी,
१७ नोव्हेंबर २००९

चि. रूपीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. "जवळच होतो म्हणजे कुठं?" एवढंच विचारलंस. तारांचं नाही, धोतराचं नाही. अगदी आजीवर गेलीस.

तुरीत होतो.

आता सरळ सांगतो. तू तेव्हा बीदरला आईबापाजवळ होतीस, दहा वर्षांची. दुपारी जीपा आल्या. साहेब उतरून म्हणाला, मेंढरं उठवा. मी ढोल गळ्यात घालून उभा होतो. म्हणालो, "साहेब, मेंढरं उठत न्हाईत. तुमचा हुकूम कानडीत हाय, ही मराठी मेंढरं." सगळा रस्ता हसला. साहेबही हसला. मी चांगला फुगलो. खरी गोष्ट एवढीच की माझ्या हाकेशिवाय माझी मेंढरं कुणासाठी उठत नव्हती.

तासाभरानं आणखी जीपा आल्या आणि लाठ्या निघाल्या. पलीकडच्या टोकाला आपल्या गावच्या हावगेप्पाच्या खांद्यावर पहिली बसली. तो आवाज मला ऐकू आला. मी गळ्यातला ढोल काढला, डांबरावर ठेवला आणि पळालो. रस्त्याच्या कडेला डोक्याएवढी तूर होती, तिच्यात शिरलो.

धनगर पळाला की मेंढरं काय करतात, हे तुला बेंगळुरात कुणी सांगणार नाही. मागं येतात. माझी ऐंशी मेंढरं उठली आणि एका रांगेत माझ्या मागं तुरीत आली. रस्ता मोकळा झाला. मी कुठं लपलोय हे पोलिसांपासून ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांना दिसलं. पोलीस शिट्ट्या वाजवून ट्रक सोडायला लागले. गायरान त्या घटकेला गेलंच होतं, आणि ते माझ्या पायांनी गेलं होतं.

तेवढ्यात ढोल वाजला.

मेंढरं उठली त्या जागेवर तुझी आजी येऊन बसली होती. मांडीवर बिरोबाचा ढोल. शेजारी तिची जाऊ जगदेवी, आणि मागं गावातल्या बाया. आपल्यात बाई त्या ढोलाला हात लावत नाही. तुझ्या आजीनं तो कधी धरलासुद्धा नव्हता. तिला येत होतं ते कांडण. वीस वर्षं ती आणि जगदेवी एका उखळात कांडत आल्या होत्या. डाव्या हातानं धान्य आत लोटायचं, उजव्यानं घाव घालायचा, मग हात वर थांबवायचा, दुसरीचं मुसळ पडेपर्यंत. तसाच ढोल तिनं वाजवला. डावीकडं दोन हलक्या थापा, उजवीकडं मोठा घाव, आणि मग जगदेवीसाठी जागा. जगदेवीच्या हातात काही नव्हतं, तरी ती जागा सोडत राहिली. तुम्ही ज्याला अज्जाचा ठोका म्हणता तो हा.

बायांना उठवायला पोलिसांत बाई नव्हती. ते नुसते उभे राहिले. ट्रक परत थांबले. दिवस मावळायच्या आत तहसीलदार आला, गायरान देणार नाही असं लिहून दिलं, तोवर ती वाजवत होती. मी एडक्याचं तोंड दाबून तुरीत बसून सगळं ऐकलं. तो ठोका मला पाठ झाला, कारण मला दुसरं काही कामच नव्हतं.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. चौथ्या दिवशी देवळापुढं पंच बसले. श्रीपतराव म्हणाले, बाईचा हात लागला, ढोलाचं कातडं बदला, आणि नागूबाईनं वर्षभर देवळाची पायरी चढायची नाही. मग मला विचारलं, "लिंबाजी, तुझं काय म्हणणं?" मी म्हणालो, "पंच म्हणतील तसं." ढोल रस्त्यावर कुणी टाकला होता, हे कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. वर्षभर ती खाली उभी राहून हात जोडायची. मी वर ढोल वाजवायचो.

पुढच्या उन्हाळ्यात तू सुट्टीला आलीस. तेलाच्या डब्यावर मी तुला तो ठोका शिकवला. तू विचारलंस, "कुणाचा हाय, अज्जा?" मी म्हणालो, माझा. आजी शेजारी ज्वारी निवडत होती. सूप उचलून आत गेली.

इथपर्यंतचं पत्र काल मी तिला वाचून दाखवलं. संपल्यावर म्हणाली, "हे रूपीला लिहायलात का मला सांगायलात?"

"दोघींला."

"आन् गुलबर्ग्याला जाऊन काय करनार?"

"स्टेजवर खरं सांगतो. ढोल तुझ्या हातात देतो."

"तिथं खरं बोलायला काय लागतंय? कोन वळखतंय तुमाला तिथं? पोरं टाळ्या वाजवतील, म्हनतील म्हातारा लई चांगला हाय. हितं बोला. बिरोबापुढं, श्रीपतरावापुढं."

मी म्हणालो, सगळं गाव हसेल.

"हसू द्या की. मेंढरं तुमच्या मागं तुरीत शिरली तवा मीबी हसायले होते. ढोल वाजवता वाजवता हसायले होते."

हे अकरा वर्षांत ती पहिल्यांदा बोलली.

"मग गुलबर्ग्याला येशील?"

"आदी रविवार हू द्या," म्हणाली.

आता गाण्याचं. "मेंढरं उठत न्हाईत" हे पुढं ठेव, सगळे हसतात तिथं, हलकं. मग मधेच सगळी वाद्यं एकदम बंद कर. गिटार नको, गाणं नको, काही नको. लोकांना वाटू दे की वीज गेली. मेंढरं गेली तेव्हा तसंच झालं होतं. त्यानंतर नुसता तिचा ठोका, एकटा, बराच वेळ. मग हळूहळू बाकीच्यांनी तिच्या मागं यायचं, आणि शेवटाला म्हणायचं, "मेंढरं गेली, साहेब, बाया उठत न्हाईत." गाणं आधीपेक्षा जोरकस होईल. यात माझी चूक होणार नाही.

या रविवारी, २२ तारखेला, देवळापुढं सगळे जमतात. मी बोलणार आहे. तिथंही पळावंसं वाटेल, मला माहीत आहे, पण म्हातारपणी पळता येत नाही ही एक सोय आहे.

बोलून झालं की तुझी आजी तुला फोन करील. तिला नंबर लावता येत नाही, जगदेवीचा नातू लावून देईल. रविवारी दिवे लागेपर्यंत तिचा फोन आला नाही, तर मी बोललो नाही असं समज आणि गाण्यावरून माझं नाव काढून टाक. मला कारण विचारू नकोस.

पण तू फोनजवळच राहा.

नागूबाईचा नवरा आणि तुझा अज्जा,
लिंबाजी