लॅबला कुणी घाण पाणी पाठवतं का?

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (टाकीची शिडी चढल्यापासून कंबर धरली आहे, तेव्हा निम्माच समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं हर्नियाचं ऑपरेशन सोमवारी आमच्याच हॉस्पिटलात ठरवलंस, तेही माझ्या शब्दावर. म्हणून हे लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात तीन नंबरच्या वॉर्डात नऊ जणांना जुलाब लागले. (त्यातले दोघे बद्धकोष्ठासाठीच दाखल झाले होते, ते खूष आहेत.) सगळे स्वयंपाकघरावर घसरले. पाण्यावर कुणाला संशय येईना, कारण नळावर आमच्या लॅबचा रिपोर्ट फ्रेम करून लावलाय, 'पिण्यास योग्य'. मला मात्र राहवेना. त्या नळाचं पाणी स्वतः भरून आणलं आणि तपासलं. दोन दिवसांनी त्यात जे वाढलं ते लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. गच्चीवर गेलो तर टाकीला झाकण नाही, वर वॉर्डातली जुनी गादी टाकलेली आणि गादीवर कबुतरांचा सुखाचा संसार.

मग दर महिन्याचा नमुना इतका स्वच्छ कसा? आमचा प्लंबर (त्याला सगळे वॉशर म्हणतात) भला माणूस आहे. सहा महिने तो बाटली मोठ्या साहेबांच्या केबिनमधल्या नव्या फिल्टरवर भरून आणत होता. विचारलं तर मलाच म्हणतो, "लॅबला कुणी घाण पाणी पाठवतं का साहेब? बरं दिसतं का ते?" मी डोक्याला हात लावला.

मोठ्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी समिती नेमली. समितीने एकमताने पहिला ठराव केला, की बैठकीसाठी पिण्याचं पाणी बाहेरून मागवावं. टाकी कधी धुणार, असं विचारलं तर म्हणे अहवाल आल्यावर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाकी सगळं ठीक. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. भाऊजींना सोमवारी आणू नकोस. टाकी धुतली, की नळाचं पाणी मी स्वतः तपासून कळवीन. तोवर त्यांना काहीही थाप मार.

ता. क. २. थाप पचली नाही तर खरं सांग. सहाही रिपोर्टांवर सही माझी आहे. लॅबपासून तो नळ चाळीस पावलांवर, पण त्या सहा महिन्यांत मी एकदाही गेलो नाही. आज एक आजीबाई तिथे पेला भरत होत्या. पिऊ नका म्हटलं, तर त्यांनी मलाच रिपोर्ट वाचून दाखवला, सहीसकट, आणि म्हणाल्या, "एवढा शिकलेला माणूस न बघता सही करील होय?"