वाल भिजत घातलेत

कात्रप, गुरुवार

प्रिय नेत्रा,

शेजारची भावना शाळेत शिकवायला अंबरनाथला निघालीच आहे, म्हणून तिच्याकडे हा डबा देते आहे. आत मुगाचे लांब मोड आहेत, तू शिकवलेस तसे. चायनीजच्या गाडीवर असतात तसेच पांढरे आणि करकरीत. बघ आणि मग बोल. सुयोग गेल्यानंतर पहिल्यांदाच तुला कुणी लग्नाचं विचारलंय. गुरुदत्तला काय उत्तर द्यायचं ते शांतपणे ठरवते, असं सांगून तू शिवमंदिराजवळ माहेरी गेलीस, आणि मी एकदाही फोन केला नाही. सासू रुसली असं वाटलं असेल तुला. रुसले नाही गं. मोडांनीच मला अक्कल शिकवली.

पहिल्या खेपेचं आठवतं ना? अंधारात ठेवा, सारखं उघडू नका, असं तू बजावलं होतंस. पण माझा सगळा जन्म वाल-मटकीच्या पुरचुंड्या सोडून सोडून बघण्यात गेलेला! चहा ठेवला की झाकण उचल, देवाजवळ दिवा लावला की झाकण उचल. मोड हिरवे पडले आणि कडू झाले. नेमका त्याच दिवशी गुरुदत्त तुझी विसरलेली ऑफिसची बॅग द्यायला आला आणि मी त्याच्यापुढे त्याच मोडांची कोशिंबीर ठेवली. त्यानं बशी संपवली. कशी झालीय विचारलं, तर म्हणाला, "कडू आहे काकू, पण टाकायची कशाला?" खोटं न बोलणारा आणि अन्न न टाकणारा माणूस, मला तो तिथेच आवडला. तुला बोलले नाही, कारण तेव्हा तू स्वतःशीसुद्धा काही कबूल केलं नव्हतंस.

आता माझा हात बसलाय. उल्हासनगरच्या प्रीतमशेटनं आधी जुने मूग पुढे केले होते. मोड काढायचेत म्हटल्यावर स्वतःच परत घेतले आणि म्हणाला, "माई, ये तो दाल के लिए है, आपको नया माल देता हूँ." चाळणीत भिजलेले मूग, वर ओलं फडकं, आणि फडक्यावर ताटली ठेवून सुयोगच्या डंबेलची लोखंडी चकती. वर वजन असलं की मोड जाड होतात, हे तुझंच सांगणं. ती चकती पलंगाखालून काढताना मी रडले, खोटं कशाला सांगू? माझा मुलगा होता तो, ती जागा कुणी भरणार नाही. पण मग डोळे पुसले, चकतीही पुसली आणि कामाला लावली. तो असता तर म्हणाला असता, आई, मी तरी ती कधी वापरली होती!

आता आपल्या बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडून मोड मागून नेतात आणि गप्पा मारत तासभर बसतात. तेव्हा 'आईंना एकटं कसं टाकू' हे तुझं कारण बाद. मी धडधाकट आहे, आणि लग्न करून तू काही चंद्रावर राहायला जाणार नाहीस.

काल माझ्या माहेराहून अनंतादादानं शेतातले कडवे वाल पाठवले. आमच्यात पाहुण्याला मटण आणि जावयाला सोललेल्या वालांचं बिरडं. मटण कुणालाही शिजवून घालता येतं. वाल भिजवा, मोड आणा, मग एकेक चिमटीत धरून सोला, एवढा खटाटोप फक्त लेकीच्या माणसासाठी. सुयोगचे बाबा पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा सोलून सोलून माझ्या आईची बोटं सुरकुतली होती आणि तोंडावरचं हसू मावत नव्हतं. मला लेक झाली नाही, म्हणून तो मान माझ्या हातून राहून गेला होता.

त्यासाठीच हे पत्र. आज सकाळी मी वाल भिजत घातलेत. रविवारी सोलून तयार असतील. तुझं स्वतःचं मन 'नाही' म्हणत असेल तर खुशाल एकटी ये, आपण दोघी मिळून बिरडं फस्त करू. पण माझ्याकडे बघून 'नाही' म्हणणार असशील, तर ते मला चालणार नाही. आणि 'हो' असेल तर त्याला घेऊन ये. मागे तो पाहुणा म्हणून आला आणि बिचारा कडू खाऊन गेला. या वेळी मी पाट मांडून ठेवते.

जावयाची सासू व्हायला उतावीळ झालेली,
तुझीच
आई